चारचाकी आणि चार लोक

ऑक्टोबर २००८ च्या पहिल्या आठवड्यात धारवाडचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकत होते. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरमधून बाहेर पडत असल्याचे टाटा मोटर्सने ३ ऑक्टोबरला जाहीर केले आणि नॅनो या स्वस्त गाडीचा कारखाना आपल्याकडे यावा म्हणून राज्याराज्यांत चढाओढ लागली. कर्नाटकात बी. एस. येडियुरप्पा यांचे सरकार त्याच वर्षी सत्तेवर आले होते. त्यांनी धारवाडजवळची जमीन देऊ केली. पण ७ ऑक्टोबरला गुजरातमधल्या साणंदवर शिक्कामोर्तब झाले आणि धारवाडची संधी हुकली. टाटांच्या गाड्या धारवाडात बनल्या, पण त्या वेगळ्या. ब्राझीलच्या मार्कोपोलो कंपनीबरोबरच्या भागीदारीतून तिथे बसगाड्या तयार होऊ लागल्या, आणि पुढे ‘एस झिप’ ही चिमुकली मालवाहू गाडीही.

कारखाना गेल्याची हळहळ तेव्हा साहजिक होती. पण नॅनोचे पुढे जे झाले, ते कारखान्याच्या जागेपेक्षा अधिक विचार करायला लावणारे आहे. गाडी घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर आपल्याकडे दुसऱ्या कुठल्याही गाडीने दिलेले नाही.

भर पावसात एका स्कूटरवर बसलेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली, हे सर्वांना ठाऊक आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. किंमत १ लाख रुपये. त्या किमतीसाठी अभियंत्यांनी एकेक गोष्ट तासून काढली होती. दोन सिलिंडरचे इंजिन मागे, वायपर एकच, चाकाला चारऐवजी तीन नट, आणि मागची डिक्की बाहेरून उघडायची सोय नाही. २००९ मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा २ लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. तरीही सगळ्यांत चांगल्या वर्षात, म्हणजे २०११-१२ मध्ये, खप ७५ हजारांच्याही आतच राहिला. जून २०१८ मध्ये तर महिनाभरात एकच नॅनो तयार झाली.

याची कारणे अनेक होती. सिंगूरमुळे झालेला उशीर, काही गाड्यांना लागलेल्या आगीच्या बातम्या, हळूहळू चढत गेलेली किंमत. २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत गाडीला एकही तारा मिळाला नाही, पण त्याच चाचणीत शून्य मिळवलेल्या इतर काही गाड्या नंतरही खपत राहिल्या. मुख्य कारण रतन टाटांनी स्वतःच पुढे मान्य केले. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ अशी तिची ओळख झाली, आणि तीच तिला भोवली. स्कूटरवरून गाडीकडे जाणाऱ्या कुटुंबाला आपण वर चढलो हे चार लोकांना दिसायला हवे होते. नॅनोने त्यांचे पावसापासून रक्षण केले असते. पण दारात उभी राहून ती शेजाऱ्यांना एवढेच सांगत होती, की यांना याहून महाग गाडी परवडली नाही.

नॅनोच्या शेजारी टाटांचीच दुसरी गाडी ठेवून पाहावी. २००५ मध्ये आलेला ‘एस’ हा मालवाहू टेम्पो, ज्याला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात. दोन्ही प्रकल्पांचे नेतृत्व गिरीश वाघ या एकाच मराठी अभियंत्याकडे होते. दोन्ही गाड्या आपापल्या गटात कमी किमतीच्या होत्या. एक कोसळली आणि दुसरीने छोट्या मालवाहतुकीचे चित्रच बदलले. हुबळीच्या बाजारात भाजीची पोती, सिमेंट, फर्निचर वाहणारे छोटे हत्ती आजही दिवसभर दिसतात. फरक असा की, छोटा हत्ती घेणारा माणूस महिन्याचा हप्ता, डिझेल आणि फेऱ्या यांचा हिशेब मांडतो. त्याच्या गाडीकडे कोण कसे पाहते यावर त्याला भाडे मिळत नाही. म्हणून ‘स्वस्त’ हा शब्द तिथे गुण ठरला आणि नॅनोच्या बाबतीत डाग.

अर्थात हा फरकही पूर्ण काळा-पांढरा नाही. छोट्या हत्तीचा आराखडा करण्याआधी वाघ आणि त्यांचे सहकारी तीनचाकी टेम्पोवाल्यांशी बोलत फिरले होते. चार चाकांची गाडी असती तर गावात लग्न जमायला सोपे गेले असते, असे त्यांतल्या एकाने सांगितल्याची गोष्ट उद्योगजगतात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. म्हणजे पोटासाठी गाडी घेणाऱ्यालाही चार लोक सुटलेले नाहीत. फक्त त्याच्या हिशेबात ते शेवटच्या ओळीत येतात, घरच्या गाडीच्या हिशेबात पहिल्या.

म्हणून गाडी पाहून माणसाची श्रीमंती ओळखण्याचा खटाटोप फारसा उपयोगाचा नाही. गाडी सांगते ते एवढेच, की ती घेताना मालकाच्या डोळ्यांसमोर कोण होते. ते सासरचे लोक असतील, ग्राहक असतील, गावकरी असतील, मतदार असतील. काही थोड्यांच्या बाबतीत डोळ्यांसमोर फक्त रस्ता असतो.

हे चार लोक किती बोलतात, हे आजूबाजूला गाड्या किती आहेत यावरही ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ७.५ टक्के कुटुंबांकडेच मोटार होती. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास, तर शेजारच्या गोव्यात सुमारे ४५ टक्के. गोव्यात जवळजवळ निम्म्या घरांत गाडी असल्याने नुसती गाडी असणे काही सांगत नाही. धारवाड जिल्ह्यातल्या खेड्यात मात्र जुनी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली ऑल्टोही बरेच काही सांगून जाते. जिथे वस्तू दुर्मीळ, तिथे वस्तूच बोलते. ती सर्रास झाली की मग मॉडेल बोलू लागते.

आपल्या भागाचा इतिहासही हेच दाखवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले तेव्हा सायकल ही साहेबी मिजाशीची वस्तू होती. शंभर वर्षांनी तीच सायकल दूधवाल्याची आणि शाळकरी मुलांची झाली. त्याच किर्लोस्करांच्या घराण्याने १९९७ मध्ये टोयोटाशी भागीदारी केली. कर्नाटकातल्या बिडदीच्या त्या कारखान्यातल्या इनोव्हा आणि फॉर्च्युनर आज आमदारापासून सरपंचापर्यंत सर्वांच्या ताफ्यात असतात. सव्वाशे वर्षांत दिमाख दोन चाकांवरून चार चाकांवर, आणि तिथून जमिनीपासून उंच असलेल्या गाडीवर सरकला.

मधल्या काळात परवान्यांचे राज्य होते. तेव्हा फिअॅट किंवा अॅम्बॅसडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या काळी गाडी पैशापेक्षा ओळखपाळख आणि चिकाटी दाखवत असे. आजोबांनी घेतलेली फिअॅट नातू चालवायचा, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण नवी मिळण्याचा मार्गच नव्हता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डॉक्टर, वकील, बँक अधिकारी यांच्या दारात गाडी दिसू लागली. मध्यमवर्गाची पायरी ठरली ती तेव्हा.

पुढे सरकारी करानेही या पायऱ्यांना आकार दिला. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. आता गंमत पाहा. आपल्याकडे मागे वेगळी डिक्की असलेली गाडी ‘मोठ्या माणसाची’ समजली जाते. कर वाचवायचा तर लांबी कापायला हवी आणि मान हवा तर डिक्की हवी. या पेचातून बुटक्या डिक्कीची एक खास भारतीय जात जन्माला आली. २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस आली, २०१२ मध्ये मारुतीने स्विफ्ट डिझायरची शेपटी छाटून ती ४ मीटरच्या आत बसवली. मागच्या सीटवरच्या प्रवाशाला डिक्कीचा काही उपयोग नसतो, तरी लोकांनी तिच्यासाठी जादा पैसे मोजले. आता डिक्कीची जागा सनरूफने आणि उंच बांध्याने घेतली आहे. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक वाटा एसयूव्ही आणि तत्सम गाड्यांचा झाला आहे. उत्तर कर्नाटकच्या मे महिन्यातल्या उन्हात गाडीला काचेचे छत कशाला, हा प्रश्न शोरूममध्ये कोणी विचारत नाही.

हुबळी-धारवाड ही जोडशहरे या विषयाची चांगली प्रयोगशाळा आहेत. दोघांची महापालिका वर्षानुवर्षे एकच राहिली, पण स्वभाव दोन. हुबळी व्यापाऱ्यांची, रेल्वेची, ट्रकांची. धारवाड प्राध्यापकांचे, लेखकांचे, गवयांचे, आणि २००८ पासून उच्च न्यायालयाच्या पीठामुळे वकिलांचेही. हुबळीत वाहन हे आधी भांडवल आणि मग भूषण. विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये एका ट्रकने सुरुवात केली आणि त्यातून हुबळीची ‘व्हीआरएल’ ही देशातल्या मोठ्या वाहतूक कंपन्यांपैकी एक उभी राहिली, हे या शहराचे आवडते उदाहरण आहे. दुर्गदबैल किंवा दाजीबानपेठेच्या गल्ल्यांत लाखोंची उलाढाल करणारा व्यापारी दुकानात स्कूटरने येतो, कारण तिथे मोठी गाडी शिरतच नाही. त्याची पत त्याच्या हुंडीवर आणि शब्दावर ठरते. त्याची मोठी गाडी बाहेर निघते ती लग्नाला, देवदर्शनाला आणि नात्यागोत्यात. धारवाडात मान मिळवण्याची साधने वेगळी होती. पदवी, पुस्तक, गळा. ज्याच्याकडे मानाचे दुसरे चलन आहे, त्याला गाडीच्या चलनाची गरज कमी भासते. धारवाडातही आता नवी बांधकामे, नव्या नोकऱ्या आणि नवे पगार आले आहेत, आणि तो फरक पुसट होत चालला आहे.

त्यातच कर्जाने सगळेच दृश्य फसवे केले आहे. पूर्वी गाडी दारात आली म्हणजे पैसा साठला असे समजायला हरकत नव्हती. आज सात वर्षांच्या हप्त्यांवर गाडी मिळते. आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असतो, पण तो काचेतून दिसत नाही. एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एक रोखीची आणि दुसरी पगाराचा तिसरा हिस्सा खाणारी असू शकते. अमेरिकेत थॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डँको यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात दाखवले होते, की तिथल्या कोट्यधीशांपैकी बरेच जण साध्याच गाड्या चालवतात. दिखाऊ गाड्यांच्या मागे अनेकदा संपत्तीपेक्षा मोठी मिळकत आणि मोठे देणे असते. आपल्याकडची बँकांची हप्त्यांची खाती उघडली, तर वेगळे काही निघेल असे वाटत नाही.

इथवर वाचून ‘साधेपणाच बरा’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो जपून काढायला हवा. २०२२ च्या मे महिन्यात रतन टाटा एका पांढऱ्या नॅनोतून मुंबईच्या ताज हॉटेलात आले. ती चित्रफीत देशभर फिरली. लोक भारावून गेले. पण त्याच नॅनोतून एखादा कारकून ताजच्या दारात उतरला असता तर? गाडी तीच, पण टाटांच्या बाबतीत ती थोरवी ठरली आणि कारकुनाच्या बाबतीत ऐपत ठरली असती. साधेपणाचे कौतुक व्हायला आधी मोठेपण सिद्ध असावे लागते. ज्याचे नाव माहीत आहे त्याला गाडीची ओळख लागत नाही. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, त्याच्यासाठी गाडी हेच ओळखपत्र होऊन बसते. म्हणून श्रीमंतांच्या साधेपणाचे दाखले देऊन सामान्य माणसाला उपदेश करण्यात फारसा न्याय नाही.

याची दुसरी, अधिक खोल बाजू महाराष्ट्राला चांगली ठाऊक असायला हवी. १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले होते. परदेशी पदव्या घेतलेला बॅरिस्टर आणि सरकारी समितीचा सदस्य. पण स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना, कारण अस्पृश्याला टांग्यात बसवणे त्याला कमीपणाचे वाटत होते. शेवटी समाजातल्याच, टांगा चालवण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम हाती घेतला. मोरीजवळ टांगा कलंडला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. वाहनात बसण्याचा हक्कही ज्यांना एकेकाळी मिळाला नाही, त्यांच्या घरात पहिली गाडी येते आणि मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिले जाते, तेव्हा त्याला दिखावा म्हणणारा माणूस इतिहास विसरलेला असतो. हुबळीच्या रस्त्यांवर अशा काचा वाचत जावे. कुठे सिद्धारूढ स्वामी, कुठे सौंदत्तीची यल्लम्मा, मराठा घरांच्या गाड्यांवर शिवछत्रपती, तरुणांच्या गाड्यांवर कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार. प्रत्येक काच सांगत असते, आम्ही कोण आणि आम्हाला कोणी मोजावे.

जमिनीचे पैसे मिळालेल्या शेतकऱ्याच्या मोठ्या गाडीची टर उडवणारे शब्दही आपल्याकडे आहेत. पुण्याच्या आसपास त्याला ‘गुंठामंत्री’ म्हणतात. या थट्टेत एक सोयीस्कर विस्मरण असते. शहरी नोकरदाराने आपली संपत्ती फ्लॅटमध्ये, म्युच्युअल फंडात आणि मुलांच्या परदेशी शिक्षणात ठेवलेली असते. ती दिसत नाही, म्हणून ती सभ्य ठरते. शेतकऱ्याने ती चाकांवर ठेवली, म्हणून ती उठवळ ठरते. त्याचा निर्णय आर्थिकदृष्ट्या चुकीचा असू शकतो, कारण शोरूमबाहेर पडताच गाडीची किंमत उतरू लागते आणि विकलेली जमीन परत येत नाही. तसा सल्ला त्याला जरूर द्यावा. पण दिखाव्याचा आरोप करण्याआधी आपलाही दिखावा कशात आहे, हे पाहावे.

सन्मानासाठी घेतलेली गाडी आणि दुसऱ्यावर वजन टाकण्यासाठी घेतलेली गाडी, यांत फरक मात्र करावाच लागेल. तो सर्वांत कडवट रूपात दिसतो लग्नाच्या व्यवहारात. मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंड्याचे जे आरोप पुढे आले, त्यांत सोन्याबरोबर फॉर्च्युनर गाडीचाही उल्लेख होता आणि महाराष्ट्र हादरला. सीमेच्या या बाजूला, कर्नाटकातही मुलीच्या बापाने गाडी ‘आनंदाने दिली’ असे सांगण्याची रीत आहेच. इथे गाडी कोणाच्या आवडीची राहत नाही. ती एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबावर ठेवलेला भाव असते. गाडीच्या निवडीत मूल्ये शोधायची तर पहिला प्रश्न हा विचारावा, की हिचे पैसे कोणी आणि कोणत्या दडपणाखाली भरले?

चार लोकांना बाजूला ठेवून गाडीवर प्रेम करता येते, हेही याच मातीने दाखवले आहे. रोणला जन्मलेले आणि कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकलेले पंडित भीमसेन जोशी गाड्यांचे शौकीन होते. इंजिनाची त्यांना चांगली जाण होती आणि मैफलींसाठी लांबलांबचे अंतर ते स्वतः गाडी चालवत कापत. त्यांना मान मिळायला गाडीची गरज नव्हती. यंत्राची ओढ आणि रस्त्याचा आनंद ही कारणे त्यांना पुरेशी होती. गाडीची अशी आवड सगळ्यांनाच परवडेल असे नाही, पण ती खरी आवड आहे आणि तिच्याविषयी कोणालाही तक्रार असू नये.

मग करायचे काय? व्यक्तीच्या पातळीवर दोन आकडे कागदावर मांडावेत. एक, घरच्या गरजेला पुरणारी सुरक्षित गाडी कितीला येते. दुसरा, आपण जी घेणार आहोत ती कितीला. या दोहोंतला फरक म्हणजे आपण चार लोकांना देत असलेली रक्कम. ती द्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ती किती आहे हे ठाऊक असावे. सुरक्षिततेचे तारे मात्र या फरकात धरू नयेत. २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्या देशातच होत आहेत, आणि सनरूफसाठी मोजलेला पैसा एअरबॅगसाठी मोजायला कोणाची हरकत नसावी. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के आणि मोठ्यांवरचा ४० टक्के झाला आहे, त्यामुळे हा फरक आता आणखी ठळक होईल.

संस्थांच्या पातळीवरही काम आहे. मंगल कार्यालयाचा, रुग्णालयाचा, सरकारी कचेरीचा दरवान गाडी पाहून फाटक उघडतो किंवा काठी आडवी धरतो, हे त्याला कोणीतरी शिकवलेले असते. स्कूटरवरून आलेल्या वृद्धाला आत जायला तीच वागणूक मिळाली, तर गाडीवर लादलेले ओळखपत्राचे ओझे आपोआप कमी होईल.

शहराच्या पातळीवर हुबळी-धारवाडकडे इतर अनेक शहरांकडे नसलेले एक साधन आहे. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या सुमारे २२ किलोमीटरच्या मार्गावर स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या वातानुकूलित ‘चिगरी’ बस, म्हणजे हरणाच्या नावाच्या बस. २०१८ मध्ये त्या धावू लागल्या आणि २०२० मध्ये त्यांचे औपचारिक उद्घाटन झाले. त्यांच्याविषयी तक्रारी आहेत, देखभालीविषयी नाराजी आहे. पण त्यांच्यातून रोज विद्यार्थी, कामगार, कारकून आणि प्राध्यापक एकाच बाकावर बसून जातात, ही लहान गोष्ट नाही. बस वेळेवर, स्वच्छ आणि पुरेशी असेल तर गाडी न घेणे हा कोणाच्या ऐपतीचा प्रश्न राहत नाही, तो सोयीचा निर्णय होतो. ती मोडकळीला आली की बस फक्त नाइलाज असलेल्यांची उरते, आणि पहिल्या पगाराचा तरुण आधी हप्त्याची चौकशी करायला शोरूम गाठतो. म्हणून जोडशहरांच्या नगरसेवकांनी आणि अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस आपल्या इनोव्हा घरी ठेवून चिगरीने कामावर यावे. बसमध्ये काय बिघडले आहे ते त्यांना अहवालाविना कळेल, आणि बसने जाणे हे गाडी नसणाऱ्यांचे काम आहे ही समजूत सैल करण्याचा अधिकार त्यांना मिळेल.